खुजेपण: उणीव की ओळख?

काचीगुड्यातील एका आजींनी नातवासाठी परवा माझ्याकडे उंचीचे टॉनिक मागितले. मूल ठेंगणे दिसले की आम्हां बालरोगतज्ज्ञांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो: पोषण उणे आहे, की चणच अशी आहे? वनस्पतिशास्त्रज्ञांनाही हाच पेच पडतो.

सुमारे १२०० मीटर उंचीच्या कास पठारावर, जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात, पावसाळ्यात गेंद फुलतो. टाचणीच्या डोक्याएवढे ते पांढरे 'फूल' वस्तुतः असंख्य सूक्ष्म फुलांचा गुच्छ असते. गेंदाच्या एरिओकॉलॉन या प्रजातीत भारतात शंभराहून अधिक जाती आहेत. त्या इतक्या सारख्या की नुसत्या डोळ्यांनी ओळखणे दुरापास्त.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. रितेशकुमार चौधरी यांच्या गटाने सिंधुदुर्गातील वैभववाडीहून शोधलेली एक नवी जाती २०२० मध्ये जाहीर झाली. फुलोरा अगदी चिमुकला, म्हणून नाव 'पार्व्हिसेफॅलम', अर्थात लहान डोक्याची. परंतु केवळ लहानपणावर त्यांनी विसंबून राहिले नाही. बाह्यरूप, अंतर्रचना आणि डीएनए पडताळूनच तिला स्वतंत्र स्थान दिले. या कुळातील काही वनस्पती औषधी मानल्या जातात. मात्र घोषणेच्या वेळी या जातीचे गुण तपासलेले नव्हते, तेव्हा वैद्यबंधूंनी घाई करू नये!

आजींच्या नातवाचे जुने आलेख मी काढले. दरवर्षीची वाढ नियमित होती, आईवडीलही ठेंगणेच. टॉनिक लिहिले नाही. आजी थोड्या रुसल्या.