गाणं फोन लावतो की गाडी?

जबलपूरच्या ओमतीत आमच्या समोरच्या घरात गाडी एकच, फोन दोन. काकांचा अँड्रॉइड, सूनबाईंचा आयफोन. सूनबाईंनी गाडी सुरू केली की आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं गाणं एकदम मोठ्या आवाजात सुरू होतं, मागे झोपलेलं बाळ दचकून उठतं. काकांना रोज सकाळी घंटाघराकडे निघताना अभंग ऐकायचे असतात, तर त्यांचा फोन गाडीला जोडला जाऊनही गप्प. काका म्हणाले, "फोन बिघडला." सूनबाई म्हणाल्या, "गाडी बिघडली." खरं तर दोन्ही धड होते. बिघाड होता तो समजुतीत, आणि अशा समजुती घरोघरी आहेत.

गैरसमज १ : ब्लूटूथ जोडलं गेलं, म्हणजे गाणं लागायलाच हवं.

वस्तुस्थिती : फोन गाडीला जोडला जाणं आणि गाणं सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाची वाट वेगळी. फोनवरचं बोलणं 'एचएफपी'वरून जातं, गाण्याचा आवाज 'एटूडीपी'वरून, आणि 'वाजव', 'थांबव', 'पुढचं गाणं' असे हुकूम 'एव्हीआरसीपी'वरून. यातली एक वाट बंद असली तरी बाकीच्या चालू राहतात. म्हणून गाडीत कॉल नीट ऐकू येतात आणि गाणं मात्र येत नाही.

काकांच्या फोनमध्ये नेमकं हेच झालं होतं. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबलं, तर 'कॉल्स' चालू आणि 'मीडिया ऑडिओ' बंद. ते बटण सरकवलं आणि गाण्याची वाट मोकळी झाली.

गैरसमज २ : गाणं आपोआप लागतं, ते फोनच लावतो.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा हुकूम गाडीचा असतो. कित्येक गाड्यांच्या म्युझिक सिस्टिम जोडणी होताच स्वतःहून 'वाजव' असा संदेश पाठवतात आणि फोन तो पाळतो. शेवटी जे अ‍ॅप वापरलं असेल, ते सहसा उठून वाजू लागतं.

हा त्रास जगभरचा आहे. गाडीला जोडताच आयफोनवर संग्रहातलं अक्षरक्रमाने पहिलं गाणं लागतं, याला कंटाळून अमेरिकेत समीर मेझराही यांनी २०१७ साली 'ए ए ए ए ए व्हेरी गुड साँग' नावाचं गाणं विक्रीला ठेवलं. त्यात जवळपास दहा मिनिटं निव्वळ शांतता होती. नावात इतके 'ए', की यादीत ते सगळ्यांच्या वर यावं. लोकांनी ते पैसे मोजून घेतलं.

म्हणून आधी गाडीच्या सिस्टिममध्ये 'ऑटोप्ले'सारखी सोय आहे का, ते पाहावं. काही संगीत अ‍ॅपमध्येही बाहेरच्या उपकरणाला गाणं सुरू करू द्यायचं की नाही, हे ठरवता येतं.

गैरसमज ३ : हुकूम पोचूनही गाणं लागलं नाही, म्हणजे फोन जुना झाला.

वस्तुस्थिती : अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली अ‍ॅप झोपवून ठेवतात. गाडी हाक मारते, पण उठायला कोणी नसतं. काकांच्या अभंगांच्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत अभंग सुरू झाला. नवा फोन घ्यायचं कारणच उरलं नाही.

गैरसमज ४ : आपल्याला हवं तेच गाणं, हव्या त्या आवाजात लावणं साध्या माणसाचं काम नाही.

वस्तुस्थिती : पाच मिनिटांचं काम आहे. आयफोनमध्ये 'शॉर्टकट्स' उघडून 'ऑटोमेशन'मध्ये जावं, 'ब्लूटूथ' निवडून आपली गाडी निवडावी आणि 'रन इमिजिएटली' ठेवावं. मग क्रमाने कामं सांगावीत. सूनबाईंच्या फोनमध्ये आम्ही असा क्रम लावला : आधी पाच सेकंद थांब, मग आवाज तीस टक्के कर, मग ठरलेली यादी वाजव. थांबायला सांगणं महत्त्वाचं, कारण जोडणी पुरी व्हायला थोडा वेळ लागतो. घाई केली तर गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजतं. गाणं मुळीच नको असेल, तर याच जागी 'पॉज' ठेवावं.

सॅमसंगमध्ये हीच सोय 'मोड्स अँड रूटीन्स' या नावाने आहे. इतर अँड्रॉइड फोनवर 'मॅक्रोड्रॉइड'सारखं अ‍ॅप हे काम करतं. 'अँड्रॉइड ऑटो' वापरणाऱ्यांना त्याच्या सेटिंगमध्येच संगीत आपोआप सुरू करण्याचं बटण मिळेल.

गैरसमज ५ : ब्लूटूथवर गाणी ऐकली की डेटा संपतो.

वस्तुस्थिती : ब्लूटूथ इंटरनेटचा एक कणही खात नाही. ती फोन आणि गाडी यांच्यातली जवळच्या टप्प्याची रेडिओ जोडणी आहे. डेटा जातो तो इंटरनेटवरून गाणं मागवताना. सेकंदाला ३२० किलोबिट दर्जाचं गाणं तासाला सुमारे १४४ एमबी घेतं. इथून लखनादौन, सिवनी, खवासा करत नागपूरला जायचं, तर पाच-सहा तासांत पाऊण जीबीच्या आसपास खर्च. वाटेत पेंचचं जंगल लागतं, तिथे रेंजचा भरवसा नसतो. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर गाणी उतरवून घेतली, तर डेटाही वाचतो आणि रेंज गेली तरी गाणं तुटत नाही.

गैरसमज ६ : ब्लूटूथ लावलंय, मग चालवताना फोन हातात घेतला तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : कायद्याने तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहनचालन ठरवलं. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी सूट दिली ती फक्त रस्ता पाहण्यासाठी, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नसेल तरच. गाणं बदलणं त्यात बसत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. ओमतीच्या गर्दीत, जिथे ई-रिक्षा कुठूनही वळते आणि शाळा सुटल्यावर पोरं रस्त्यावर येतात, तिथे ३३ मीटर डोळे मिटून जाण्याची कुणाचीच हिंमत होणार नाही. फोनकडे पाहणं म्हणजे तेवढं अंतर न पाहता जाणं.

म्हणूनच आपोआप गाणं लावण्याची ही सोय मला चैनीची वाटत नाही. तिच्यामुळे हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर राहते. आज संध्याकाळी गाडी दारात उभी असतानाच दहा मिनिटं काढा, आधी 'मीडिया ऑडिओ' पाहा, मग बॅटरीचं सेटिंग, मग ऑटोमेशन. घरात दोन फोन असतील तर दोन्ही लावा. आणि उद्यापासून गाडी हलली की फोनला हात लावू नका.