गृहत्यागाची कथा आणि साधनांची पारख

वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री घर सोडले, ही कथा आपल्या स्नेहसंमेलनांतून अनेकांनी पाहिली असेल. ती कोणत्या साधनावर उभी आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हे प्रथम कोणी सांगितले, केव्हा आणि कोणाविषयी, या तीन साध्या प्रश्नांपासून संशोधनातील साधनचिकित्सा सुरू होते.

या कथेचे सविस्तर रूप जातक-अट्ठकथेच्या आरंभीच्या निदानकथेत आढळते. अट्ठकथा बुद्धांनंतर कित्येक शतकांनी आजच्या स्वरूपात आल्या. त्यांच्या मागे जाऊन त्रिपिटकात शोध घेतला, तर हा प्रसंग दीघनिकायातील महापदान सुत्तात भेटतो. पण तेथे तो पूर्वीच्या विपस्सी बुद्धांविषयी सांगितला आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवान बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे मध्यरात्र नाही, कंथक घोडा नाही, छन्न सारथी नाही. मातापित्यांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना, केस उतरवून व काषाय वस्त्रे धारण करून आपण घराबाहेर पडलो, एवढेच ते सांगतात. निजलेल्या घरातून गुपचूप निघणे आणि रडणाऱ्या मातापित्यांसमक्ष निघणे, ही दोन्ही वर्णने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

अर्थात सुत्तेही तत्काळ लिहिली गेली नव्हती. ती दीर्घकाळ मुखोद्गत होती. परंपरेनुसार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ती लेखनिविष्ट झाली. प्राचीन साधन अधिक जवळचे असते, निर्दोष असतेच असे नाही.

धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात अशीच ग्रंथांची तुलना केली आणि सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे लक्ष वेधले. परस्परविरोधाने तडफडणाऱ्या माणसांना पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्ध त्यात सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतील आक्षेप निराळ्या जातीचा आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोवर वार्धक्य, आजार वा मृत्यू दिसलाच नव्हता, हे संभवते काय? साधन कितीही पूज्य असो, त्यातील कथन संभाव्य आहे का, हेही पाहावेच लागते.

येथे थांबलो तर चिकित्सा अर्धवट राहील, कारण आपल्याला प्रिय असलेल्या मांडणीलाही तीच कसोटी लावावी लागते. अट्ठकथांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा येतो खरा, पण तो संबोधीनंतरचा. बुद्ध स्वतः तो मिटवतात. त्यामुळे गृहत्यागाला रोहिणीच्या वादाशी जोडणे ही पुनर्रचना आहे, असे म्हणणे प्राप्त होते. यात बाबासाहेबांचा अनादर होतो, असे मला वाटत नाही. भाणकांच्या मौखिक परंपरेत बुद्धवचनांचा विपर्यास कसा होऊ शकला, याची चर्चा त्यांनी त्याच ग्रंथात केली आहे आणि वचने पारखण्याच्या कसोट्याही दिल्या आहेत.

या परीक्षेचे मूळ धम्मातच आहे. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे चार महापदेस सांगितले आहेत. ‘हे मी भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे कोणी म्हणाले, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि झिडकारूही नये. सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. संघाचा, बहुश्रुत स्थविरांचा किंवा एकट्या स्थविराचा हवाला दिला, तरी नियम तोच.

आज मोबाइलवर बुद्धांच्या किंवा बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली एखादे वाक्य आले, तर बुद्धवचनासाठी निकाय व सुत्ताचे नाव विचारावे. बाबासाहेबांसाठी महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. खंड व पृष्ठ मागावे. दोन्ही न मिळाल्यास ते वाक्य मुलांच्या प्रकल्पवहीत उतरवू नये.