सत्तर पानांचं पुडकं

मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेव्हापासून मूल गावातल्या चहाटपरीवर हंगाम आला की एकच सवाल निघतो: वाघ आहे हे माहीत असताना ह्या बाया जंगलात जातातच कशाला?

जातात, कारण सत्तर पानांच्या पुडक्याला रोख पैसा मिळतो आणि मे महिन्यात धानाच्या बांधीत काम नसतं. हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते सवाल विचारणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल.

जंगलात आपणही जातो. ताडोबाच्या जिप्सीत बसून. वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर गाइडच्या नावानं खडे. वाटेतला ऐन, धावडा, मोह आपल्या चाकांची धूळ खात उभा राहतो. घरात सागाचा दिवाण असतो, पण सागाला फुलोरा पावसाळ्यात येतो हे त्यावर बसणाऱ्याला ठाऊक नसतं. धान बांबूच्या कणगीतून नायलॉनच्या पोत्यात गेलं, तसा बांबूही नजरेतून गेला. वस्तू वाढल्या, त्या कुठून आल्या हे विचारायची सवय मोडली.

तेंदूचंच घ्या. त्याचं फळ म्हणजे टेंभरं. पिवळं, वरून कडक, आत चिकूसारखा गर. खाताना बोटं चिकट होतात. अस्वलाला आवडतं, पोरांनाही आवडायचं. पण ठेकेदाराला हवं पान. कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, कुठे कुठे रानाला आगही लावतात. छाटलेल्या झुडपाला फळ कुठून धरणार?

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावानं नेमकी हीच गोष्ट हेरली. २०१२मध्ये वनहक्क कायद्याखाली हजारावर हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभेनं तेंदूपान तोडणंच बंद केलं. हंगामाचा हमखास पैसा! त्यावर पाणी सोडलं. छाटणी आणि आगीनं जंगल मरतं, टेंभरं मिळत नाहीत, हे कारण. वर, चांगल्यातलं चांगलं चौतीस हेक्टर रान नव्यानं देवराई म्हणून राखलं. सामूहिक वनहक्क म्हटलं की मेंढा (लेखा) ह्या गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. मला पाचगावचं धाडस मोठं वाटतं.

अर्थात त्यांच्याकडे बांबू होता. ग्रामसभा तो स्वतः विकते, म्हणून तेंदू सोडणं परवडलं. ज्या गावात बांबू नाही तिथल्या बाईला ‘पानं तोडू नको’ सांगायचा अधिकार मला नाही, टपरीवरच्या कुणालाही नाही. पण पैसा लागतो म्हणून जंगल ओळखणं सुटतं, हे काही खरं नाही. पाचगावालाही पैसा लागतोच.

टेंभरं उन्हाळ्यात पिकतात. कुठे विकायला दिसली तर पोरांना खायला द्या, आणि ही कोणत्या झाडाची, तेही सांगा.