पाचवा हिस्सेदार

भूमापनाच्या दप्तरात ज्याची उभी हयात गेली, त्याला रोह्याहून पेणला जाताना कासूच्या आसपासची खारेपाटातली भातखाचरे दिसत नाहीत. त्याला सर्व्हे नंबर, पोटहिस्से आणि बांधावरून जुंपलेले भाऊ दिसतात. पेणला पुतण्याचा गणपतीचा कारखाना आहे, आणि तेथील संगणकाच्या वाटपासाठी आपणांस पाचारण होईल अशी कल्पना मला निवृत्तीपर्यंत कधी शिवली नव्हती.

कारण साधेच होते. विंडोज 10 ची अधिकृत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि पुढची आवृत्ती त्या जुन्या यंत्राला मानवेना. जोडीला लिनक्स बसवावे असे पुतण्याने ठरविले. संबंध डिस्क पुसून नवी प्रणाली बसविण्याचा सोपा मार्ग होता. परंतु ‘डी’ नावाच्या हिस्स्यात सात वर्षांच्या साच्यांची छायाचित्रे आणि गिऱ्हाइकांची उधारी होती, त्यामुळे हिस्से स्वहस्ते पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. “काका, तुम्ही नुसते शेजारी बसा,” तो म्हणाला. मी बसलो, पण त्यापूर्वी त्या सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचा आग्रह धरला, कारण मूळ दस्त फाटला तर नक्कलच कामी येते हे मी पुष्कळ घरांतून पाहिले आहे.

पहिली अडचण मापाची आली. पाचशे जीबीची म्हणून घेतलेली ही डिस्क विंडोज 465 जीबीची दाखवीत असे. ‘डी’च्या शेपटाकडून 60 जीबी कापून मोकळे केल्यावर ‘डी’ बरोबर 200 उरला होता. पण नव्या प्रणालीच्या तक्त्यात ‘सी’ही नाही, ‘डी’ही नाही आणि दोनशेही नाही, तर एक हिस्सा 214748 एमबीचा आणि दुसरा दोन लाख वीस हजारांच्या घरातला! एक कारकून हजाराने मोजतो, दुसरा एक हजार चोविसाने, आणि तीन पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्यात सात टक्क्यांहून अधिक अंतर पडते. पुतण्याचे बोट मोठ्या आकड्यावर गेले होते. मी त्याचा हात धरला, कागदावर गुणाकार करविला, आणि मगच लहान आकड्यापुढे ‘डी’ असे लिहून घेतले. शेतात साखळी नि सातबारा जुळत नसतील तर मोजणीदाराने खुंटी ठोकू नये, एवढेच मला ठाऊक होते.

खरा पेच त्यानंतरचा. कापून काढलेली जागा तक्त्यात दिसत होती, पण तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा होता. रिकामी, अखंड, कोणाचा कब्जा नाही, तरी निरुपयोगी. अशी जमीन मी उभ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती! उलगडा व्हायला दुपार गेली. जुन्या पद्धतीच्या डिस्कचे सर्व हक्कपत्रक तिच्या पहिल्या 512 बाइटांत असते; त्यातले 446 बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांचे, शेवटचे दोन ओळखशिक्क्याचे, आणि उरलेल्या चौसष्टांत सोळा-सोळा बाइटांच्या चारच नोंदी मावतात. या यंत्रावर चारही भरलेल्या होत्या: प्रणालीचा राखीव तुकडा, ‘सी’, दुरुस्तीचा तुकडा आणि ‘डी’. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असे म्हणून जमीनदारांकडे वाटा मागत. ही डिस्क मात्र पाचव्यालाही उभा करीना. नव्या पद्धतीच्या डिस्कवर एकशे अठ्ठावीस नोंदींची सोय असते म्हणे, पण आमची डिस्क जुन्या अमलातली.

तोडगा मात्र माझ्याच दप्तरातला निघाला. दुरुस्तीचा जेमतेम पाचशे एमबीचा तुकडा रद्द करून त्याची नोंद मोकळी केली, त्या नोंदीवर मोकळ्या जागेचा एक ‘विस्तारित’ हिस्सा चढविला, आणि त्याच्या पोटात हवे तितके पोटहिस्से पाडले: एक लिनक्सचा, एक चार जीबीचा, स्मृती अपुरी पडली तर तात्पुरत्या वापराचा.

तरीही यंत्र अडलेच: मूळ फाइलपद्धती नेमलेली नाही. हिस्सा पाडला, ‘एक्स्ट फोर’ हा प्रकारही लावला, पण तेथे वस्ती कोणाची हे सांगणारी एवढीशी तिरपी रेघ चौकटीत निवडायची राहून गेली होती. ती निवडली. ‘डी’च्या ओळीत फॉरमॅटच्या रकान्यावर खूण नाही, याची मी चष्मा पुसून तीनदा खातरजमा केली. मागे कारागीर एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत बसला होता. तोही कुंचला उचलून क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, नि पुतण्याने कळ दाबली.

यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा दोन्ही प्रणालींची नावे एकाखाली एक उभी होती, आणि ‘डी’तले साचे जागच्या जागी होते. पुतण्याने हौसेने पुन्हा तक्ता उघडला. दोन पोटहिस्स्यांच्या मधे एक एमबीची बारीक पट्टी कोणाच्याच नावे नव्हती. प्रत्येक पोटहिस्स्याची स्वतंत्र नोंद त्याच्या आधीच्या अशा पट्टीतच असते.

“काका, ही जागा फुकट गेली. जोडून घेऊ?”

“अरे, बांध आहे तो. नांगरू नकोस.”