रकान्यात न मावणारा समाज

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येतंच. मोहल्ल्यात घरोघरी जायचं, शाळा सुटलेल्या मुलांची नावं लिहायची आणि शेवटच्या रकान्यात कारण भरायचं. काही वर्षांपूर्वी नववीतून शाळा सोडलेल्या एका मुलीच्या नावापुढे आम्ही 'पालकांची अनास्था' असं लिहून मोकळे झालो. पुढे तिची अम्मी भेटली. म्हणाली, "सर, शिकवायचं नव्हतं असं नाही हो. संध्याकाळची बस बंद झाली. अंधारात पोरीला एकटी कशी येऊ देऊ?"

म्हणजे अनास्था नव्हतीच, बस नव्हती. पण आमचा कागद तोवर वर गेला होता. उद्या कुणी अभ्यासक त्या कागदांची बेरीज करून 'मुस्लिम पालकांना मुलींच्या शिक्षणाची आस्था नाही' असा निष्कर्ष काढील. त्यात आमचाही हात असेल.

समाजशास्त्राच्या तत्त्वज्ञानातला मूळ प्रश्न हाच आहे. समाजाविषयीचं ज्ञान तयार कसं होतं आणि त्यावर किती भिस्त ठेवायची?

बी.एड.ला एमिल दुर्खीम हे नाव आम्ही वाचलं होतं. या फ्रेंच विचारवंताने १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. सरकारी आकडे मांडून त्याने दाखवलं की, अगदी खाजगी वाटणाऱ्या या कृतीमागेही समाज असतो. जिथे माणसं एकमेकांशी घट्ट बांधलेली, तिथे प्रमाण कमी. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांमध्ये ते जास्त आढळलं. हा मोठा शोध होता. पण १९६७ मध्ये जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकाने साधा प्रश्न विचारला: हे आकडे लिहिले कुणी? मृत्यूची नोंद करणारा अधिकारी स्वतःच्या समजुतीने ठरवतो. जिथे नातेसंबंध घट्ट, तिथे घरचे लोक बदनामीच्या भीतीने खरं कारण लपवण्याची शक्यताही जास्त. मग आकडा समाजाचा की नोंद करणाऱ्याचा? आमच्या त्या रकान्यालाही हाच प्रश्न लागू पडतो.

जर्मनीचे मॅक्स वेबर म्हणत की, माणसाची कृती नुसती मोजून भागत नाही. ती करणाऱ्याच्या मनात तिचा अर्थ काय, हेही समजून घ्यावं लागतं. त्या अम्मीच्या दृष्टीने शाळा सोडवणं म्हणजे मुलीची काळजी घेणं होतं. फॉर्मच्या दृष्टीने ती अनास्था ठरली.

मग अभ्यास, अहवाल सगळं फोल समजायचं का? मुळीच नाही. उलटं उदाहरणही आपल्यासमोर आहे. 'मुसलमानांची मुलं मदरशातच जातात' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं! न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिलं की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच मदरशात शिकतात. शाळेसोबत चालणारा मकतब आणि पूर्णवेळ मदरसा यांत लोक गल्लत करतात, हेही समितीने स्पष्ट केलं. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के, तर मुस्लिमांची सुमारे ५९ टक्के होती. ही पिछेहाट आकड्यांशिवाय आपल्याला ठामपणे मांडता आली नसती. मोजणी नसेल तर अफवेचं राज्य चालतं.

ही दोन्ही टोकं सहाशे वर्षांपूर्वी एका माणसाने ओळखली होती. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेले इब्न खल्दून. १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्यांनी इतिहासकारांना खडसावलं की, ऐकीव बातमी तशीच उतरवू नका, ती समाजाच्या नियमांवर घासून पाहा. बनी इस्राईलच्या सैन्यात सहा लाख माणसं होती, ही कथा त्यांनी अशीच तपासून नाकारली. एवढं सैन्य त्या जागेत मावणार कसं आणि लढणार कसं, हा त्यांचा सवाल.

पण त्याच ग्रंथात ते हेही सांगतात की, आलिम लोक राजकारणाच्या व्यवहारात सर्वांत कच्चे असतात. कारण त्यांना सामान्य नियमांत विचार करायची सवय जडलेली असते. एका गोष्टीवरून दुसरी ताडायची आणि जग आपल्या विचाराच्या साच्यात बसवायचं. साधा माणूस मात्र समोरच्या प्रसंगाला धरून राहतो, किनारा न सोडणाऱ्या पोहणाऱ्यासारखा. हे लिहिणारे इब्न खल्दून स्वतः मोठे आलिम होते. दरबारात काम केलेले, कैद भोगलेले, पुढे कैरोत काझी झालेले. म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आहे.

तेव्हा आपण दोन गोष्टी कराव्यात. आपल्या समाजावरचे अहवाल वाचावेत आणि मुलांनाही वाचायला लावावेत. समाजशास्त्र हा काही 'मार्क कमी पडले म्हणून घेतलेला' विषय नव्हे. आणि सर्वेक्षणवाला दारी आला की 'लिहा काहीही' म्हणून त्याला वाटेला लावू नये. बस नसेल तर बस नाही असंच सांगावं, तसं लिहायला लावावं.

आम्हीही आता रकाना भरण्याआधी मुलाच्या घरी दोन मिनिटं बसतो. कारण रकान्यात मावलं नाही तर शेजारच्या कोऱ्या जागेत लिहितो. ते वर कुणी वाचतं की नाही, सांगता येत नाही. पण निदान आमच्या हातून चुकीची नोंद जात नाही.