तोंड येणे नेहमीच साधे नसते
विशेष प्रतिनिधी

लोहारा (जि. यवतमाळ) : तोंड आले की 'उष्णता वाढली' असे म्हणून घरगुती उपाय केले जातात. अंगावर फोड उठले, तर 'नागीण' समजून मांत्रिकाचे दारही गाठले जाते. मात्र तोंडातील जखमा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत, तर 'पेम्फिगस व्हल्गारिस' या आजाराची शंका घ्यायला हवी.

शरीराची प्रतिकारशक्ती रोगजंतूंऐवजी स्वतःवरच उलटल्याने हा विकार होतो. भिंतीच्या विटा चुन्याने जोडाव्यात, तशा त्वचेच्या पेशी 'डेस्मोग्लीन' या प्रथिनांनी जोडलेल्या असतात. प्रतिपिंडे याच प्रथिनांवर हल्ला करतात, पेशी सुटतात आणि फोड येतात. अनेक रुग्णांत तोंडातील जखमा त्वचेवरील फोडांच्या कित्येक महिने आधी दिसतात. हा आजार संसर्गजन्य नाही. त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

जखमेलगतचा तुकडा काढून केलेल्या 'बायोप्सी' व 'इम्युनोफ्लुरोसन्स' तपासणीतून निदान होते. उतारवयात आढळणारा, टणक फोडांचा व खाज सुटणारा 'बुलस पेम्फिगॉइड' वेगळा असल्याने ही तपासणी महत्त्वाची ठरते.

स्टिरॉइड येण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या दशकाआधी, बहुतेक रुग्ण दगावत. पुढे दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइडची 'पल्स' पद्धत रूढ केली. त्यात दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस शिरेतून औषध दिले जाते. सायक्लोफॉस्फामाइडमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, हे तरुण रुग्णांनी आधीच विचारून घ्यावे. अमेरिकेत २०१८ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळालेले 'रिटुक्सिमॅब' आता भारतातही वापरले जाते. उपचारांपूर्वी क्षयरोग व कावीळ 'बी'ची तपासणी आवश्यक असते.

खरा धोका असतो तो बरे वाटताच गोळ्या सोडण्यात. स्टिरॉइड अचानक थांबविल्यास आजार उलटतो, शिवाय रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते. ताप आला किंवा जखमेत पू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आहारात ठेचा, तिखट झुणका व कडक भाकरी टाळून मऊ भात, वरण, खिचडी घ्यावी. दातांसाठी मऊ ब्रश वापरावा. अंगावर जखमा असल्यास कापड चिकटते. अशा वेळी रुग्णालयांत स्वच्छ केळीच्या पानावर झोपविण्याची पद्धत आहे.

लोहाऱ्याच्या रुग्णांसाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. मांत्रिकाकडे जाणारी वाट वेळीच तिकडे वळायला हवी.