वेगाची नवलाई आणि तिची निगा

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण मराठीत सुनेपासून सत्तेपर्यंत सर्वांना लावली जाते. पण ती सर्वांत महागात पडते ती बहुधा स्पोर्ट्स कारच्या मालकाला. स्पोर्ट्स कार म्हणजे केवळ वेगवान किंवा किमती मोटार नव्हे. माणसे आणि सामान वाहून नेण्याच्या सोयीपेक्षा चालवण्याच्या अनुभवाला जिच्या रचनेत पहिला मान दिलेला असतो, जी ठेंगणी, वजनाने हलकी आणि बहुधा दोन आसनांची असते, तिला हे नाव शोभते. अशी गाडी घेणाऱ्याने सोयीसाठी नव्हे तर आनंदासाठी पैसा मोजलेला असतो. त्यामुळे तो आनंदच ओसरला, तर हातात उरते ती एक गैरसोयीची मोटार, जिच्या पोटाला गावातला प्रत्येक गतिरोधक घासतो. म्हणूनच ही नवलाई टिकवायची कशी, हा प्रश्न हौशी लोकांपुरता असला तरी क्षुल्लक नाही, आणि त्याचे उत्तर चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी शोधता येते.

ओसरण्याची क्रिया कशी घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये असे मांडले की, सुखाची नवी पातळी गाठली की मन तिलाच नेहमीची समजू लागते आणि पुन्हा तेवढेच सुख वाटण्यासाठी आणखी काहीतरी हवे होते. मराठीत याला ‘अंगवळणी पडणे’ हा नेमका वाक्प्रचार आहे, आणि या सिद्धांताचे चित्र रहाटगाडग्यात दिसते: एक गाडगे भरून वर येते, रिते होते आणि पुन्हा खाली जाते. गाडीच्या बाबतीत हा विचार पुढे नेला तो मिशिगन विद्यापीठातील नॉर्बर्ट श्वार्झ आणि जिंग शू यांनी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, महागडी गाडी चालवताना अधिक आनंद मिळत असणार, असे लोकांना एरवी वाटत असले, तरी रोजच्या कामाच्या फेरीत प्रत्यक्ष मिळालेल्या आनंदाचा गाडीच्या किमतीशी फारसा संबंध नव्हता; केवळ चालवण्याच्या हौसेने काढलेल्या फेरीत मात्र तो संबंध दिसला. याचे कारण साधे आहे. कामाला जाताना चालकाचे लक्ष कामात, वाहतुकीत आणि घड्याळात असते, आणि ज्या वस्तूकडे लक्ष नाही ती वस्तू कितीही मोलाची असली तरी आनंद देऊ शकत नाही.

वऱ्हाडाला हा अनुभव मोटारीच्या आधीपासून ठाऊक आहे. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यासाठी प्रसिद्ध आहे. पटाची जोडी ही त्या काळची आणि आजचीही स्पोर्ट्स कारच होय, कारण तिला नांगरटीच्या जड कामाला सहसा जुंपत नाहीत. तिचा खुराक, ढेप, चालणे-पळणे, विश्रांती हे सारे वेगळे सांभाळले जाते, आणि सुगी आटोपल्यावर भरणाऱ्या पटात ती काही सेकंदांपुरती धावते. जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, आणि पटाची चर्चा जोडीच्या किमतीइतकीच धुरकऱ्याच्या हातावरही चालते. वर्षभराची निगा, मोजकेच धावणे आणि हाकणाऱ्याचे कसब या तीन गोष्टींनी पटाचा शौक अंगवळणी पडू दिलेला नाही.

या शौकाला मर्यादाही शिकाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी प्राण्यांवरील क्रौर्याच्या कारणाने अशा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. चाबूक किंवा टोचणी वापरून जनावराचे हाल न करता पट भरवणे हा त्या अटींचा गाभा आहे, आणि तो योग्य आहे. ज्या वेगासाठी दुसऱ्या जीवाला वेदना सोसावी लागते, त्या वेगात मिरवण्यासारखे काही नसते. हा नियम मोटारीलाही तितकाच लागू पडतो.

पटातून निघणारा पहिला धडा खंडाचा आहे. जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना आठवडाभर चॉकलेट खाण्यास मनाई केली होती, त्यांना आठवड्यानंतर मिळालेल्या चॉकलेटची गोडी इतरांपेक्षा अधिक वाटली. श्रावणात उपास करणाऱ्या घराला हे नवे सांगावे लागत नाही. स्पोर्ट्स कार रोज भाजी आणायला नेली तर ती लवकर साधी होते. तिची फेरी ठरवून, वेळ काढून आणि वाटेत दुसरे काम न ठेवता केली, तर तीच गाडी दर खेपेला पुन्हा नवी वाटते.

दुसरा धडा कसबाचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही दोन आसनांची छोटी गाडी आणली, तेव्हा तिच्या रचनेमागे ‘जिनबा इत्ताइ’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव होणे, ही कल्पना धरली होती. सुरुवातीला तिचे इंजिन अवघे १.६ लिटरचे होते, वजन एक टनाच्या आत होते आणि तिच्याहून वेगवान गाड्या पुष्कळ होत्या. तरीही २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. चालकाचा हात सुधारेल तशी गाडी अधिक रंगत जाते, हे तिच्या दीर्घ लोकप्रियतेचे एक मोठे कारण आहे, कारण यंत्राची ताकद पहिल्याच दिवशी पूर्ण कळते, पण ती वापरण्याची कला वर्षानुवर्षे शिकता येते.

ही कला कुठे शिकायची, याचे उत्तर चांदूर बाजारच्या भूगोलात आहे. या गावाच्या अमरावती जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. परंतु सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे भान हळूहळू मंदावते, ज्याला महामार्ग संमोहन म्हणतात, आणि तेथे उत्कंठेपेक्षा गुंगीचाच धोका अधिक असतो. उलट, संत्र्याच्या बागांमधून परतवाडा गाठून पुढे धामणगाव गढीमार्गे सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला चढणारा सातपुड्याचा घाट चालकाला क्षणभरही स्वस्थ बसू देत नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. टायरची पकड मर्यादित असल्याने तीच पकड ब्रेक आणि वळण या दोघांत वाटली जाते. म्हणून वळणात शिरण्यापूर्वीच वेग आणि गिअर उतरवावा लागतो आणि वळण उलगडू लागल्यावर ॲक्सिलरेटर हळूहळू द्यावा लागतो. जमिनीलगत बसवलेल्या हलक्या गाडीत ताशी ४० किलोमीटरलाही हे सारे हाताला आणि पाठीला जाणवते. घाटाचा रस्ता मेळघाटच्या जंगलाशेजारून जातो, गुरे आणि वन्यप्राणी वळणापलीकडे उभे असू शकतात, म्हणून तेथे शिकायची ती नेमकेपणाची कला. पूर्ण वेग अजमावायचा असेल तर त्यासाठी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै किंवा २०११ मध्ये सुरू झालेले ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट अशी बंदिस्त धावपट्टी हवी.

तिसरा धडा निगेचा आहे, आणि वऱ्हाडच्या हवेत तो टाळता येत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा टायरमधील हवेचा दाब वाढतो, रबर कालांतराने कडक होत जाते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार अंकांतून त्याचे वय कळते: २४२२ म्हणजे २०२२ सालचा चोविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर पकड गमावते, आणि मोजके धावणाऱ्या गाडीत टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे लवकर उकळू लागते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे हा गैरसमजातून होणारा अपाय आहे, कारण एवढ्या वेळात ऑइल तापत नाही आणि आतला ओलावा तसाच राहतो. त्यापेक्षा दर पंधरवड्याला अर्धा तास गाडी फिरवावी. पावसाळ्यात गोठ्याशेजारच्या किंवा धान्याच्या कोठीजवळच्या जागेत ती ठेवली असेल, तर उंदीर वायरी कुरतडणार नाहीत याकडेही पाहावे लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतो, तेव्हा त्याचा हात कुठे सूज आहे, कुठे जखम आहे, हे आपोआप जाणून घेतो. स्वतःच्या हाताने गाडी धुणाऱ्या मालकालाही तिच्या अंगावरच्या खुणा तशाच कळतात, आणि ज्या वस्तूवर हात फिरतो तिचा कंटाळा लवकर येत नाही.

चौथी गोष्ट सोबतीची. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या बॉडीची सॅन स्टॉर्म आणि मोटारींचे रचनाकार दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली डीसी अवंती या आपल्या देशात घडलेल्या दोन स्पोर्ट्स कार. दोन्हींचे उत्पादन पुढे थांबले. अशा गाड्या रस्त्यावर राहतात त्या सुटे भाग शोधणाऱ्या, एकमेकांना सांगणाऱ्या मालकांमुळे आणि जुने इंजिन कानाने ओळखणाऱ्या मिस्त्र्यांमुळे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० या अवघ्या ९८ सीसीच्या दुचाकीची हौस आजही टिकून आहे, ती याच सोबतीच्या बळावर. यावरून हेही स्पष्ट होते की, नवलाई टिकवण्यासाठी कोट्यवधींची गाडी लागत नाही.

किमती गाडीलाही शेवटी अर्थ लागतो तो आठवणीतून. सचिन तेंडुलकरने कसोटीत २९ शतके करून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी साधली, तेव्हा २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली आणि ती मायकेल शूमाकरच्या हस्ते देण्यात आली. २०११ मध्ये ती गाडी विकली गेली. तरीही लोकांच्या बोलण्यात ती आजही सचिनचीच फेरारी आहे. मालकीचा कागद बदलतो, गाडीशी जोडलेला प्रसंग बदलत नाही. म्हणून घरच्यांना शेजारी बसवून केलेली चिखलदऱ्याची एक फेरी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या दहा महिन्यांपेक्षा मोलाची ठरते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना प्रत्येक मालकाने स्वतःला एवढेच विचारावे: वर्षभरात ही गाडी केवळ चालवण्यासाठी किती वेळा बाहेर काढली, आणि ती चालवण्यात आपला हात कितपत सुधारला? या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तिला विकून अधिक वेगवान गाडी घेण्याची गरज नाही.